दहा नंबरचं घर, आठ नंबरचं दार

(ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलण्यातले अडखळणारे भाग काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजची गोष्ट एका शून्याची आहे. शून्य नेहमीचंच, पण नको त्या ठिकाणी बसलेलं. त्यामुळे माझी पहिली नोकरी जाता जाता राहिली.

२००९ साल. कॉलेज संपून चार महिने झाले होते. एका छोट्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला मला घेतलं होतं. सांभाळायचं म्हणजे प्रिंटर चालत नसेल तर बघायचं, केबल लावायच्या आणि सगळ्या मशीनचे पत्ते एका तक्त्यात नीट लिहून ठेवायचे. पत्ते म्हणजे आयपी ॲड्रेस: १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३, असे. मला टापटिपीची भारी हौस. एकाखाली एक आकडे सरळ रांगेत यावेत म्हणून मी शेवटचा आकडा तीन अंकी करून टाकला: ००२, ००३, ०१०, ०११. तक्ता इतका सुबक दिसायला लागला की मी तो छापून भिंतीवर लावला.

ऑफिसात दोन सर्व्हर होते. आठ नंबरवर हिशेबाचा आणि दहा नंबरवर एक जुना, जो आता काढून टाकायचा होता. दोन्हींवर लिनक्स, आणि आळसापायी पासवर्डही एकच. एका संध्याकाळी सर म्हणाले, "तो जुना बंद करून टाक." मी तक्ता बघितला, १९२.१६८.१.०१० असं टाइप केलं. मशीनने विचारलं, या पत्त्याची ओळख पटत नाहीये, पुढे जायचं का? मी म्हटलं, हो. पासवर्ड टाकला, सर्व्हर बंद केला. दोन मिनिटांत अकाउंटच्या टेबलावरून आवाज आला, "अगं, माझं सगळं गेलं की!"

अकाउंटला एक काका होते, निवृत्तीला आलेले. त्यांचं दोन तासांचं काम उडालं होतं. मी शपथेवर सांगत होते की मी दहा नंबर बंद केला, आठला हात लावला नाही. सरांनी माझ्याच टेबलावर माझाच पत्ता टाकून पिंग केलं. लिहिलं ०१०. स्क्रीनवर उत्तर आलं १९२.१६८.१.८ कडून.

मी दहा लिहिलं होतं, मशीनने आठ वाचलं होतं. आणि मशीन बिघडलेलं नव्हतं.

असं का झालं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आजचा भाग त्याबद्दल आहे. आयपी ॲड्रेस लिहायची जी पद्धत आपण गृहीत धरतो, ती कुठून आली, ती ठरवताना काय काय झालं आणि त्याचे परिणाम तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत कसे पोचलेत.

तराजू आणि आठ वजनं

आधी एक काम करा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जा, जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारा. तिथे आयपी ॲड्रेस दिसेल. बहुतेकांचा १९२.१६८ ने सुरू होईल. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. यातला कुठलाच आकडा २५५ च्या पुढे नसतो. का बरं?

कारण हे चार आकडे मुळात चार आकडे नाहीतच. यंत्राच्या दृष्टीने पत्ता म्हणजे ३२ बिट्सची एक सलग रांग. बिट म्हणजे एक किंवा शून्य. टिंबं नाहीत, दशमान नाही, काही नाही. आपल्याला वाचता यावं म्हणून त्या रांगेचे आठ-आठचे चार तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा दशमानात लिहितात.

एक तुकडा कसा वाचायचा? ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना विचारा, पूर्वी किराणा कसा मोजायचे. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. दुकानदार तराजूत यातली काही वजनं ठेवायचा, काही ठेवायचा नाही. ठेवलं किंवा नाही ठेवलं, तिसरा प्रकार नाही.

आपल्या तुकड्यात अशी आठ वजनं आहेत: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. जिथे बिट १ आहे ते वजन तराजूत ठेवायचं, जिथे ० आहे ते नाही. ११०००००० म्हणजे १२८ आणि ६४ ठेवलं, बाकी काही नाही. बेरीज १९२. १०१०१००० म्हणजे १२८, ३२ आणि ८. बेरीज १६८. आठही वजनं ठेवली तर २५५. यापुढे ठेवायला वजनच शिल्लक नाही, म्हणून २५६ कधी येत नाही.

तर १९२.१६८.१.१० हा पत्ता यंत्राला असा दिसतो: ११००००००१०१०१००००००००००१००००१०१०. ही सलग रांग फोनवर कुणाला सांगून बघा! आणि हीच रांग एकच मोठा आकडा म्हणून दशमानात लिहिली तर होतो ३,२३,२२,३५,७८६. तीनशे तेवीस कोटी बावीस लाख पस्तीस हजार सातशे शहाऐंशी. तोही बरोबरच पत्ता आहे. लिहिण्याच्या तऱ्हा तीन, पत्ता एकच.

मग टिंबवाली पद्धत का निवडली? ती कुणी एका दिवसात बसून ठरवली असं झालं नाही. त्याआधी बरंच काही घडून गेलं होतं.

एकाच आवारातले चार शेजारी

२९ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. आर्पानेट नावाच्या नेटवर्कचा हा पहिला संदेश. वर्ष संपेपर्यंत या नेटवर्कवर चार ठिकाणं होती.

चार ठिकाणांसाठी पत्ता तो किती मोठा लागणार? त्यांनी आठ बिट्स घेतले. प्रत्येक ठिकाणी निरोप पोचवणारं एक यंत्र असायचं, त्याला आयएमपी म्हणत. आपल्या आजच्या राउटरचा पूर्वज. सहा बिट्स या आयएमपीचा नंबर आणि दोन बिट्स त्या आयएमपीला जोडलेल्या कॉम्प्युटरचा नंबर. ६४ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी चार कॉम्प्युटर, एकूण २५६ पत्ते.

आता गंमत बघा. एमआयटीचा आयएमपी नंबर सहा होता. त्याला चार कॉम्प्युटर जोडलेले. दशमानात त्यांचे पत्ते होते ६, ७०, १३४ आणि १९८. हे चौघं एकाच आवारात आहेत असं या आकड्यांवरून वाटतं का? अजिबात नाही. पण हेच पत्ते ऑक्टलमध्ये, म्हणजे आठाच्या पायावर लिहिले, तर होतात ००६, १०६, २०६ आणि ३०६. लगेच दिसतं! शेवटचे दोन अंक ०६, म्हणजे सगळे सहा नंबरच्या आयएमपीवर. पहिला अंक ०, १, २, ३, म्हणजे तिथला कितवा कॉम्प्युटर.

ऑक्टल म्हणजे काय, हे पटकन सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. दशमानात आपण नऊनंतर नवं घर उघडतो: १०. ऑक्टलमध्ये सातनंतरच नवं घर उघडतं. म्हणजे ऑक्टलमधलं १० हे आपलं आठ. त्या काळातल्या कॉम्प्युटरवाल्यांना ऑक्टल अगदी हातचं होतं, कारण ऑक्टलचा एक अंक म्हणजे बरोबर तीन बिट्स, आणि तेव्हाची बरीच यंत्रं १२, १८, ३६ अशा तीनाने भाग जाणाऱ्या बिट्समध्ये काम करायची.

आकडा कुठल्या पायावर लिहिला यावर त्यातलं काय दिसतं आणि काय लपतं हे ठरतं, एवढं लक्षात ठेवा.

३२ हा आकडा कसा आला

१९७४ च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना कशी जोडायची, याबद्दलचा. आजच्या इंटरनेटचं मूळ त्यात आहे. त्यात नेटवर्कच्या नंबरासाठी आठ बिट्स ठेवले होते, म्हणजे जगात जास्तीत जास्त २५६ नेटवर्कं. तेवढी बस्स होतील असं त्यांना वाटलं होतं. हसू नका! तेव्हा एकेक कॉम्प्युटर खोलीभर असायचा, लाखो डॉलरचा. घरातला टीव्ही आणि बल्ब नेटवर्कवर येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग १९७७ मध्ये पत्त्याच्या लांबीवरून वाद पेटला. काहींना लांबी कमी-जास्त होणारी हवी होती. काहींना १२८ बिट्स हवे होते. काहींना ३२ पुरेसे वाटत होते. सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की वर्षभर चर्चा करूनही एकमत होईना, तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख म्हणून त्यांनी ३२ वर शिक्का मारला. कारण त्यांच्या लेखी तो एक प्रयोग होता. प्रयोग यशस्वी झाला तर खरी आवृत्ती नंतर करू. झालं असं, की प्रयोगच जगभर पसरला.

३२ बिट्स म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. साधारण ४२९ कोटी. त्या वर्षी जगाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच हिशेब माणशी एक असाच होता.

टिंबं आली, आणि सोबत ती शून्यं

आता मुख्य मुद्दा. सप्टेंबर १९८१. कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल नावाचा दाढीवाला संशोधक होता. नेटवर्कवर कुणाला कुठला नंबर दिलाय, याची नोंद तो ठेवायचा. एखाद्या गावच्या तलाठ्याकडे सातबारा असावा तसं. त्या महिन्यात दोन महत्त्वाची कागदपत्रं निघाली. त्यांना आरएफसी म्हणतात, म्हणजे इंटरनेटचे नियम जिथे लिहिले जातात ते दस्तऐवज. आरएफसी ७९१ मध्ये ३२ बिट्सच्या पत्त्याची रचना आली. आणि आरएफसी ७९० मध्ये नंबरांची यादी.

त्या यादीत एक पद्धत समजावून सांगितलीय: ३२ बिट्सचे चार भाग करा, प्रत्येक भाग दशमानात लिहा, मध्ये टिंब द्या. हीच ती आपली टिंबवाली पद्धत. उदाहरण म्हणून एका कॉम्प्युटरचा पत्ता दिलाय: ०१०.००२.०००.०५२.

मी हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उठले. हा तर माझा तक्ता! तीन-तीन अंक, पुढे शून्यं, सगळं एका रांगेत. आणि इथे ०१० म्हणजे दहाच. १० हा खुद्द आर्पानेटचा नंबर होता. पुढचा २ म्हणजे त्या ठिकाणचा कॉम्प्युटर आणि शेवटचा ५२ म्हणजे आयएमपी. जुन्या आठ बिट्सच्या पत्त्यातली माणसं नव्या घरात राहायला आली होती.

१ जानेवारी १९८३ ला आर्पानेट नव्या नियमांवर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती निघाली. नेटवर्कचं सगळं सामान त्यात तयार होतं, त्यामुळे ती विद्यापीठांमध्ये भराभर पसरली. माणसाने टाइप केलेला टिंबवाला पत्ता वाचून त्याचे ३२ बिट्स करणारा एक छोटासा कोड त्यात होता. तो लिहिला होता सी भाषेत. आणि सी भाषेचा एक नियम आहे: आकडा शून्याने सुरू झाला, तर तो ऑक्टल समजायचा. हा नियम सी च्याही आधीच्या बी नावाच्या भाषेतून आलाय, जेव्हा ऑक्टल हा रोजचा व्यवहार होता. पत्ता वाचणाऱ्या कोडनेही तोच नियम लावला.

झालं! यादीत ०१० म्हणजे दहा. कोडमध्ये ०१० म्हणजे आठ. दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्या कोडची नक्कल पुढे असंख्य यंत्रणांमध्ये गेली. २६ वर्षांनी ती माझ्या टेबलापर्यंत पोचली आणि काकांचे दोन तास घेऊन गेली.

आणि बघा, मी ००२, ००३ असं ००७ पर्यंत लिहिलं तर काहीच बिघडत नाही, कारण सातपर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच. ००८ लिहिलं तर मशीन म्हणतं असा पत्ताच नाही, कारण ऑक्टलमध्ये आठ हा अंकच नसतो. ०१० लिहिलं की मात्र तक्रार नाही, प्रश्न नाही, सरळ भलत्याच दारात. चूक ओरडून सांगणारं यंत्र परवडतं. मुकाट्याने दुसरं काम करणारं नाही परवडत.

वाटेल, ही जुनी गोष्ट आहे. पण मार्च २०२१ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात वापरल्या जाणाऱ्या नेटमास्क नावाच्या लायब्ररीत नेमका हाच दोष सापडला. अडीच लाखांहून जास्त प्रकल्प तिच्यावर अवलंबून होते. ०१७७.०.०.१ हा पत्ता ती १७७.०.०.१ असा वाचायची, म्हणजे बाहेरचा कुणीतरी. पण मागे जी यंत्रणा प्रत्यक्ष जोडणी करते, ती त्याला १२७.०.०.१ असं वाचते, आणि १२७.०.०.१ म्हणजे यंत्राचा स्वतःचाच आतला पत्ता. वॉचमनने एक नाव वाचून गेट उघडलं आणि आत भलताच माणूस शिरला, तसं. त्याच वर्षी पायथन भाषेतही असाच घोळ निघाला. आता पायथनची पत्ते वाचणारी लायब्ररी पुढे शून्य दिसलं की पत्ताच नाकारते. मला हे फार आवडलं. शंका असेल तर अंदाज करू नये, विचारावं.

कुणाला किती?

आतापर्यंत आपण पत्ता कसा लिहितात ते बघितलं. पण १९८१ च्या त्याच कागदांत आणखी एक गोष्ट होती, जिचा त्रास आपल्या सगळ्यांना झाला.

पत्त्याचे सुरुवातीचे बिट्स बघून नेटवर्कचा आकार ठरायचा. पहिला बिट ० असेल तर क्लास ए, म्हणजे प्रचंड नेटवर्क: १,६७,७७,२१६ पत्ते. सुरुवात १० ने असेल तर क्लास बी: ६५,५३६ पत्ते. ११० ने असेल तर क्लास सी: फक्त २५६. दशमानात बघायचं तर ए म्हणजे पहिला आकडा १२८ च्या आत, बी म्हणजे १२८ ते १९१ आणि सी म्हणजे १९२ ते २२३. हे आकडे दशमानात विचित्र वाटतात ना? १९१ वर का थांबायचं? तराजू आठवा: १२८ चं वजन आहे पण ६४ चं नाही, म्हणून. बायनरीत ती साधी, स्वच्छ वाटणी आहे.

स्वच्छ होती, पण न्याय्य नव्हती. सगळ्या पत्त्यांपैकी निम्मे क्लास ए मध्ये, आणि असे गठ्ठे जेमतेम १२८. जे आधी आले त्यांनी ते घेतले. एमआयटीला १८ नंबरचा अख्खा गठ्ठा मिळाला. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यातले सुमारे एक कोटी चाळीस लाख पत्ते वापरलेच गेलेले नाहीत, आणि निदान ८० लाख विकता येतील.

आणि आपण? १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट नावाचं शैक्षणिक नेटवर्क सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, खुद्द तो विभाग आणि मुंबईत जुहूचं एनसीएसटी होतं. १९९० मध्ये अर्नेटला पत्त्यांचा गठ्ठा मिळाला: १४४.१६. आता तुम्हीच ओळखा कुठला क्लास. १४४ म्हणजे १२८ अधिक १६. १००१००००. सुरुवात १० ने. क्लास बी. ६५,५३६ पत्ते. १९९१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या होती ८४ कोटींच्या वर. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडे अर्नेटच्या २५६ पट पत्ते.

हा कुणाचा कट नव्हता. वाटणी झाली तेव्हा आपण तिथे नव्हतो, एवढंच. पंगत बसली तेव्हा जे हजर होते त्यांनी पोटभर वाढून घेतलं. नंतर आलेल्यांना कळलं की भांड्याचा आकारच ठरलेला आहे.

चूक लक्षात आल्यावर दुरुस्त्या झाल्या. १९९३ मध्ये क्लास मोडीत निघाले. त्याऐवजी पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि एक आकडा आला. /२४ म्हणजे पहिले २४ बिट्स नेटवर्कचे, उरलेले ८ आतल्या यंत्रांचे. आता हवा तेवढाच तुकडा कापून देता येऊ लागला. १९९४ मध्ये काही पत्ते 'खाजगी' म्हणून वेगळे काढले. ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर नेऊ नयेत. १९२.१६८ त्यातलेच. आणि १० सुद्धा! आर्पानेट १९९० मध्ये बंद झालं होतं, त्याचा नंबर रिकामा पडला होता. तुमच्या कॉलेजच्या वाय-फायवर १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो त्या पहिल्या नेटवर्कचा जुना घर नंबर आहे.

त्याच वर्षी नॅट नावाची युक्ती आली. सोसायटीचा बाहेरचा पत्ता एकच, आत फ्लॅट नंबर वेगवेगळे. गेटवरचा माणूस लिहून ठेवतो की कुठलं पार्सल कुणाचं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ही काटकसरीची व्यवस्था आधीच जन्माला आली होती. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागानेही शेवटच्या राखीव गठ्ठ्याला हात घातला.

म्हणून आज मोबाइल डेटावर असताना बरेचदा तुमचा जुन्या पद्धतीचा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो. कितीतरी अनोळखी लोक त्याच एका पत्त्यामागे असतात. एखादी वेबसाइट सारखी सारखी 'तुम्ही माणूस आहात का' असं विचारते, चित्रातले सिग्नल शोधायला लावते, त्याचं एक कारण हेही असतं. त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कुणीतरी उद्योग केलेले असतात. एकाला ब्लॉक केलं की शेजारचेही ब्लॉक. ३२ हा आकडा लिहिला गेला तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता, पण त्याचं बिल तुमच्या फोनवर येतं.

नवा पत्ता, जुना प्रश्न

ती 'खरी आवृत्ती' अखेर १९९५ मध्ये कागदावर आली. आयपीव्ही ६. पत्ता १२८ बिट्सचा. तोच आकडा, जो १९७७ मध्ये नाकारला गेला होता. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं ते आयपीव्ही ६ घेऊनच, आणि आज हे पत्ते वापरण्यात भारत जगात अगदी वरच्या देशांमध्ये आहे. उशिरा पंगतीला बसलेल्यांना नव्या भांड्याची गरज सगळ्यात जास्त होती, दुसरं काय!

पण १२८ बिट्स दशमानात लिहिले तर सोळा आकडे होतात. म्हणून यावेळी सोळाच्या पायावर लिहायचं ठरलं. ० ते ९ आणि मग ए ते एफ ही सहा अक्षरं. एक अंक म्हणजे बरोबर चार बिट्स, म्हणजे बायनरीची रचना पुन्हा डोळ्यांना दिसायला लागली. एमआयटीच्या त्या चार शेजाऱ्यांसारखी. टिंबांऐवजी कोलन आले. आणि एकापाठोपाठ येणारी शून्यं गाळायची सोयही आली.

पण शून्यं गाळली की तोच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो. कुणी गाळतं, कुणी नाही, कुणी अक्षरं मोठी लिहितं, कुणी लहान. लॉगमध्ये शोधायला गेलं तर सापडेना. म्हणून २०१० मध्ये आणखी एक आरएफसी निघाला: पत्ता लिहायची एकच शिफारस केलेली रीत. पुढची शून्यं लिहायची नाहीत, अक्षरं लहानच. म्हणजे १९८१ मध्ये जे सांगायचं राहून गेलं होतं, ते यावेळी निदान सांगितलं.

शेवटी काकांकडे येते. त्या दिवशी मी रडवेली होऊन सॉरी म्हणायला गेले. काकांनी चेकबुक काढून समोर ठेवलं. म्हणाले, "पोरी, चेकवर रक्कम दोनदा का लिहितात?" मी म्हटलं, अंकी आणि अक्षरी. "आणि दोन्हींत फरक पडला तर?" मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, "कायद्याने अक्षरी रक्कम खरी. कुठली खरी धरायची हे आधीच ठरवून ठेवलंय, म्हणून भांडण होत नाही. तुझ्या त्या तक्त्यात हे कुणी ठरवलं होतं?"

कुणीच नव्हतं ठरवलं. पत्त्याची अक्षरी रक्कम म्हणजे ते ३२ बिट्स. टिंबं, दशमान, ऑक्टल, हे सगळे अंक. ते आपल्या सोयीसाठी आहेत, आणि सोय ही दोन माणसांत एकच असेल असं नाही.

काकांनी मला बसवून ते दोन तासांचं काम पुन्हा माझ्याकडूनच करून घेतलं. ते रकमा वाचायचे, मी टाइप करायचे. प्रत्येक रक्कम टाइप झाली की ती मोठ्याने परत वाचून दाखवायला लावायचे. रात्रीचे साडेनऊ वाजले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा तक्ता काढला आणि सगळी शून्यं खोडून नवा लावला. रांगा वाकड्या दिसत होत्या. अजूनही माझे तक्ते तसेच असतात.

आणि हो, इथे पत्ते देवनागरी अंकांत छापलेत, फोनवर तुम्हाला इंग्रजी अंक दिसतील. आकडा तोच, रूप वेगळं. आज रात्री सेटिंग उघडून तुमचा पत्ता बघा, कागदावर आठ वजनं मांडा आणि त्याची बायनरी करून पाहा. जमलं तर घरात कुणालातरी करून दाखवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या!